पेशीविभाजनाचे प्रथिन, त्याचे प्रतिपिंड आणि आपली प्रयोगशाळा
(वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्करोगाच्या निदानासाठी सीडीके-१ या प्रथिनाचा शोध घेणारे प्रतिपिंड रुग्णालयाने घ्यावे, अशी सूचना आमच्याकडे आली असून त्यासाठी निधीही देऊ करण्यात आला आहे. या औदार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. तथापि हा निधी आम्ही दुसऱ्या कामासाठी का मागत आहोत, हे सांगणे आमचे कर्तव्य ठरते.

दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट बसविणारे विकर म्हणजे किनेज. सीडीके-१ हे त्यांपैकीच एक. पेशी दुभंगावी की थांबावी, हे बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते. मात्र ते एकट्याने काम करीत नाही. त्याला सायक्लिन नावाच्या प्रथिनाची जोड लागते, आणि त्याच्या साखळीतील पंधराव्या जागी फॉस्फेट बसलेला असेपर्यंत ते जखडलेलेच राहते. तो फॉस्फेट निघाला की पेशी विभाजनात शिरते. लेलँड हार्टवेल व पॉल नर्स यांनी यीस्टवर आणि टिम हंट यांनी समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर केलेल्या कामातून हे चित्र उभे राहिले. २००१ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ मध्ये नर्स यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की, यीस्टचे स्वतःचे हे जनुक निकामी झाले तर मानवी जनुक त्याची जागा घेऊ शकते. ताडी आंबविणाऱ्या यीस्टच्या भाऊबंदांत आणि आपल्यात एवढे साम्य असावे, याचे आम्हांला आजही नवल वाटते.

प्रतिपिंड हे अशा प्रथिनाच्या एका ठरावीक भागालाच चिकटते. ते योग्य प्रथिनाला चिकटले की भलत्याला, हे पाहण्यासाठी पेशीतील प्रथिने वजनाप्रमाणे वेगळी करतात. सीडीके-१ची रेघ सुमारे ३४ किलोडाल्टनपाशी उमटली पाहिजे. दुसरीकडेही रेघा आल्या तर शंका घ्यावी. एवढे सगळे जमले तरी बाटलीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले असते आणि ते शब्द औपचारिक नाहीत. सीडीके-१ प्रत्येक विभाजित होणाऱ्या पेशीत असते, गर्भाशयमुखाच्या निरोगी आवरणाच्या तळच्या थरातही असते. त्याचा रंग उमटला म्हणून कर्करोग ठरत नाही.

निदानात ज्याचा उपयोग सिद्ध झाला आहे ते याच कुळाशी संबंधित पी-१६ हे प्रथिन. ते सीडीके-४ आणि सीडीके-६ या किनेजना आवर घालते. मानवी पॅपिलोमा विषाणूच्या घातक प्रकारांनी पेशीचा लगाम तोडला की पी-१६ची पातळी वाढते. कर्करोगपूर्व बदल आहे की साधी झीज, असा पेच काचपट्टीवर पडतो तेव्हा त्याच्या रंजनाची मदत होते. भविष्यात प्रतिपिंड घ्यायचेच झाले तर आम्ही पी-१६ मागू, तेही निदानासाठी प्रमाणित केलेले.

परंतु प्रतिपिंड कोणतेही असो, ते ऊतीची जशी राखण झाली असेल तशीच साक्ष देते. शस्त्रक्रियेनंतर ऊती टेबलावर पडून राहिली तर वर सांगितलेले फॉस्फेट झपाट्याने नाहीसे होऊ शकतात. पुढे कितीही महागडे द्रव्य वापरा, जे उरलेलेच नाही ते दिसणार नाही. ऊतीच्या दसपट तरी दहा टक्के उदासीन फॉर्मॅलिन हवे, आणि गर्भाशय न उघडता बुडविले तर ते आतपर्यंत वेळेत पोहोचत नाही.

बीडमध्ये ही गोष्ट केवळ तांत्रिक नाही. २०१९ साली शासकीय समितीच्या पाहणीत आपल्या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. शस्त्रक्रियेची गरज होती की नव्हती, हे नंतर तपासायचे तर काढलेल्या अवयवाचा अहवाल हाच पुरावा. तो नसेल तर त्या बाईच्या हाती केवळ व्रण राहतो. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ महिलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले: विषाणूच्या एकाच चाचणीने, आणि दोष आढळलेल्यांवर केलेल्या उपचारांनी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्यासारखीच गावे, आपल्यासारख्याच बाया. त्यांना वाचविण्यासाठी प्रत्येक वेळी गर्भाशय काढावे लागत नाही.

म्हणून हा निधी आम्ही फॉर्मॅलिनचे डबे, ऊती विकृतिशास्त्रज्ञांकडे वेळेत पोहोचविण्याची सोय आणि काढलेल्या प्रत्येक गर्भाशयाची, रुग्णाकडून शुल्क न घेता, तपासणी यांसाठी मागत आहोत. प्रत्येक डब्यावर ऊती काढल्याची व फॉर्मॅलिनमध्ये घातल्याची वेळ लिहावी. दसऱ्या-दिवाळीनंतर बाई कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकाकडे जाते आणि अहवाल इथेच पडून राहतो. तेव्हा केसपेपरवर, तिच्या संमतीने, गावी राहणाऱ्या एका नातलगाचा दूरध्वनी क्रमांकही नोंदवावा. ही नोंद करण्याचे काम परिचारिका भगिनींनी अंगावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे. त्यासाठी छापील रकाना नव्या केसपेपरमध्ये घालता येईल.