भाल्याने मासे मारताना जागा कशी ओळखावी?

दिवाळी सरली की नदी-ओढ्यांचं पाणी निवळतं आणि भाला घेऊन काठानं निघायचे दिवस येतात. पण नेम कितीही चांगला असो, जागा चुकली तर माणूस रिकाम्या हातानं घरी येतो.

पहिली खूण पाण्याची. तळातले गोटे स्पष्ट दिसतील तिथंच थांबावं.

दुसरी खूण आडोशाची. खडकाच्या कपारी, उंबर-करंजाच्या पाण्यात उतरलेल्या मुळ्या, पोखरलेली दरड ही माशांची घरं. वाम कपारीत नाहीतर चिखलात दडते. मरळ पाणगवताच्या कडेला असते. तिला हवा घ्यायला वर यावंच लागतं. म्हणून गवताशी पाणी हललं की पाय न वाजवता उभं राहावं.

तिसरी खूण धारेची. ओढा नदीला मिळतो किंवा धार संपून डोह लागतो, तिथं वाहत्या पाण्याबरोबर किडे येतात. मासे धारेकडे तोंड करून त्यांची वाट बघत असतात.

ऊन पाठीशी घ्या, म्हणजे पाणी डोळ्यांवर चमकणार नाही. मात्र आपली सावली माशावर पडू देऊ नका. पाण्यातला मासा असतो त्याहून वर दिसतो, म्हणून नेम थोडा खाली धरावा.

कपारीत हात घालू नका. धरणाखालच्या नदीत पाणी कधी सोडतात ते विचारून घ्या. सांगलीकडे कृष्णेत मगरी आहेत, तिथं पाण्यात उतरू नका. तलाव ठेक्यानं दिलेला असेल तर आधी परवानगी घ्या.

आता शेवटची गोष्ट. काही जागा ओळखायच्या त्या सोडून देण्यासाठी. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला ओढ्यात, भातखाचरात येतात. तेव्हा मासा मारणं सोपं असतं, पण एका मादीबरोबर हजारो अंडी जातात. तांबूस पिलांचा घोळका दिसला तर खाली मरळ राखणीला असते. तिला मारलं तर पिलं दुसऱ्यांच्या पोटात गेलीच म्हणून समजा. सुरुंग आणि विष यांवर तर १८९७ सालीच कायद्यानं बंदी आली.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले मासे देवीचे मानतात, कुणी मारत नाही. आपल्या गावानंही असा एखादा डोह राखावा. तो राखला तर बाकीच्या नदीत पोरांच्या भाल्यालाही मासा मिळेल.