मेलेल्या जिवाणूंचे पैसे मोजू नका
(जिल्हा मेळाव्यातील भाषणावरून)



पेरणी तोंडावर आली की खताच्या पोत्याबरोबर जिवाणू खताचं पाकीटही दुकानदार पुढं करतो. घ्यावं का? आतले जिवाणू जिवंत असतील तर जरूर घ्यावं. मेलेले असतील तर ती नुसती काळी भुकटी.

ॲझोटोबॅक्टर हवेतला नत्र धरतो, हे खरं. पण रशियात 1950च्या दशकात लाखो हेक्टरांवर तो वापरला, तेव्हा तिथल्याच शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं की पीक सुधारतं ते बरंचसं त्यानं सोडलेल्या वाढीच्या द्रव्यांमुळं. नत्र थोडाच मिळतो. तेव्हा 'पाकीट घ्या, युरिया विसरा' म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. दुसरे जिवाणू अडकून पडलेला स्फुरद आम्ल सोडून मोकळा करतात. तिसरा स्यूडोमोनास. तो मुळाशी वस्ती करतो, तिथलं लोह बुरशीच्या आधी ओढून घेतो, वर तिला मारक द्रव्यं सोडतो. कपाशीची मूळकूज, ज्वारीचा खडखड्या यांना त्यानं काहीसा आळा बसतो. पण खडखड्या बळावतो तो दाणे भरताना ओल तुटली म्हणजे, आणि ओल काही पाकिटातून येत नाही!

10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं पाकीट. गुळाच्या गार पाण्यात कालवून हलक्या हातानं चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. ज्वारीला काणीसाठी गंधक लावायचं ते आधी, जिवाणू शेवटी. कपाशीची रंगीत सरकी औषध लावूनच येते, तिथं जिवाणू कुजलेल्या शेणखतात मिसळून सरीत द्यावेत. शेणखत नसलेल्या रानात ते उपाशीच मरतात.

आता हक्काचं. 2006 साली जिवाणू खतं खत नियंत्रण आदेशाखाली आली. एका ग्रॅम भुकटीत 5 कोटी जिवंत पेशी हव्यात. मे महिनाभर पत्र्याखाली तापलेल्या पाकिटात त्या कुठून राहणार? उत्पादनाची आणि शेवटची तारीख पाहा, पक्की पावती घ्या. शंका आली तर चारजण मिळून कृषी अधिकाऱ्याकडं जा, दुकानातल्या मालाचा नमुना काढायला लावा.

आणि चार तासं जिवाणूंशिवाय पेरा. तिथला माल वेगळा तोला. पुढच्या बैठकीला दोन्ही आकडे घेऊन या.