सुई, सतार नव्हे गितार, आणि पाळणा
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त महिलामंडळाच्या सभेपुढें दिलेलें व्याख्यान)



‘कलावंत स्त्री आणि तिचा संसार’ ह्या विषयावर चार शब्द बोलावे, अशी आज्ञा मंडळानें मला केली. विषय स्त्रियांचा आणि बोलणारा पुरुष, ही विसंगति मंडळाच्या ध्यानांत आली नसेल असें नाहीं. परंतु पुरुषांनीं हा विषय कधीं मन लावून अभ्यासलेला नसतो, तेव्हां निदान एकाला तरी तो अभ्यासावयास लावावा, असा अध्यक्षीणबाईंचा हेतु असावा. तो सफळ झाला, हें मी कबूल करतों.

ह्या विषयावर सामान्य उपदेश करणें सोपें आहे. ‘घर आणि कला ह्यांचा समतोल राखावा’ इतकें म्हणून खालीं बसतां येतें. पण तो समतोल राखावयाचा म्हणजे प्रत्यक्ष काय करावयाचें, आणि तो राखतांना कोणाच्या पदरचें काय जातें, हें एखाद्या खऱ्या बाईचें आयुष्य पाहिल्यावांचून समजत नाहीं. म्हणून दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाच्या एका बाईची हकीकत मी आपणांस सांगणार आहें. तिचें नांव व्हियोलेता पार्रा. ती गीतें रची, गितारीवर तीं गाई, आणि गोणपाटावर लोकरीनें चित्रें भरी. ती चार मुलांची आई होती.

व्हियोलेतेचा जन्म ४ ऑक्टोबर १९१७ रोजीं चिलीच्या न्युब्ले प्रदेशांत झाला. बाप शाळामास्तर, गाण्यावाजविण्याचा शोकी. आई क्लारिसा सांदोवाल शेतकरी कुळांतली, शिवणकाम करणारी. बाळपणीं देवी आल्या, त्यांचे वण मुलीच्या चेहऱ्यावर जन्मभर राहिले. पुढें बापाची नोकरी गेली आणि कांहीं वर्षांनीं बापही गेला. त्या मोठ्या कुटुंबाचें पोट मग आईच्या शिवणावर चालूं लागलें. ही आई गातही असे. कापडाच्या चिंध्या आणि जुन्या गाण्यांचे तुकडे, दोन्ही मुलीनें एकाच ओसरीवर वेचले. ह्या कलेला कोणी विद्यालय नव्हतें. आईची शिवणाची जागा हेंच तिचें विद्यालय होय.

१९३८ सालीं तिचें लग्न रेल्वेंत काम करणाऱ्या लुइस सेरेसेदा ह्या गृहस्थाशीं झालें. इसाबेल आणि आंखेल हीं दोन मुलें झालीं. व्हियोलेता गाण्याच्या कार्यक्रमांना जाई. नवऱ्याला घर सांभाळणारी बायको हवी होती. दहा वर्षांनीं, १९४८ सालीं, हा संसार मोडला. पुढें दुसरा झाला, त्यांत कार्मेन लुइसा आणि रोसिता क्लारा ह्या दोन मुली झाल्या. तोही टिकला नाहीं. आदर्श गृहिणी म्हणून मी तिला आपणांपुढें उभी करीत नाहीं, हें येथेंच सांगून ठेवतों. मोडलेल्या संसाराचा दोष कोणाचा, हें ठरविण्यास आपण येथें जमलेलों नाहीं. मात्र तिच्या बंधूची गोष्ट लक्षांत ठेवावी. वडील बंधु निकानोर पार्रा हा नामांकित कवि होता. तोही लिही, पण त्याला कोणी ‘घर कीं लेखणी’ असें विचारल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

ह्याच बंधूच्या आग्रहावरून, पस्तिशी उलटल्यावर, व्हियोलेतेनें आपलें खरें कार्य आरंभिलें. खेड्यापाड्यांतील वृद्ध गायक-गायिकांकडे ती जाऊं लागली आणि त्यांच्या मुखांतील जुनीं गीतें उतरवून घेऊं लागली. त्यांत ख्रिस्तजन्माचीं व ख्रिस्ताच्या दुःखसहनाचीं गीतें होतीं, लग्नाचीं होतीं, आणि आणखी एका प्रकारचीं होतीं; तो प्रकार आपणांस सांगितला पाहिजे.

सांतियागोजवळ तिला रोसा लोर्का नांवाची एक वृद्ध सुईण भेटली. ही बाई बाळंतपणें करी, आणि मेलेलीं बालकें सजवीही. चिलीच्या खेड्यांत अशी चाल होती कीं, लहान मूल वारलें म्हणजे तें ‘आंखेलितो’, म्हणजे छोटा देवदूत, झालें असें समजत. त्याला पांढरा पोशाख घालीत, फुलांनीं मढवीत, उंच आसनावर बसवीत, आणि गायक रात्रभर त्याच्यापुढें गात. त्या गीतांत मूलच आईचा निरोप घेई आणि ‘रडूं नकोस’ म्हणून तिला विनवी. परक्यांच्या मुलांचे हे निरोप व्हियोलेतेनें मोठ्या आस्थेनें शिकून घेतले.

१९५५ सालीं पोलंडांतील वॉर्सा शहरीं तरुणांचा जागतिक महोत्सव होता. त्याचें बोलावणें तिला आलें. चिलीच्या खेड्यांतील गाणें इतक्या दूर जाणार होतें. घरीं पाळण्यांतली रोसिता क्लारा होती. व्हियोलेता गेली. ती गेल्यावर लवकरच ती बालिका घरीं आजारी होऊन वारली. दुसऱ्यांच्या बाळांना निरोप देण्याचीं गीतें जिनें जपलीं, तिच्या बाळाला निरोप देतेवेळीं ती समुद्रापलीकडे होती.

भगिनींनो, ह्या ठिकाणीं कोणी म्हणेल, ‘पाहा, आईनें घर सोडलें कीं असें होतें.’ मीही प्रथम तसेंच म्हटलें. मग मनांत आलें कीं, मुलें आईच्या मांडीवरही मरतात. आणि कामासाठीं सातासमुद्रांपलीकडे गेलेल्या बापाचें मूल वारलें, तर आपण त्या बापाला हा शब्द लावीत नाहीं. त्याचें सांत्वन करतों. व्हियोलेतेनें मात्र हें दुःख स्वतःला कधीं क्षमिलें असें दिसत नाहीं. दहा ओळींच्या जुन्या छंदांत तिनें आपलें आत्मचरित्र रचलें, तें तिच्या मागें १९७० सालीं छापून निघालें. त्यांत ही बालिका आहे. १९६६ सालच्या तिच्या गीतसंग्रहांत छोट्या देवदूताचें एक गीत आहे. दहा वर्षें लोटलीं तरी तो पाळणा हालतच होता.

युरोपांतून ती १९५६ च्या अखेरीस परतली. आतां गोणपाटाची कथा. १९५९ च्या सुमारास यकृताच्या विकारानें ती अंथरुणास खिळली. गांवोगांव फिरणारी बाई, तिला हालण्याची मनाई. रिकामें बसणें तिला ठाऊक नव्हतें. तिनें जाडेंभरडें कापड घेतलें, रंगीत लोकर घेतली, आणि सुईनें चित्र भरूं लागली. आधीं रेखाटन करणें नाहीं, नमुना नाहीं. टांका जसा पुढें जाई तशी आकृति उमटे. ह्या कापडाला चिलींत ‘अर्पियेरा’ म्हणतात, म्हणजे आपलें गोणपाटच. त्यावर तिनें सर्कस भरली, आरमारी लढाई भरली, क्रूसावरचा ख्रिस्त भरला, गितार वाजविणारीं माणसें भरलीं. हीं चित्रें म्हणजे रंगविलेलीं गाणींच होत, असें ती म्हणे. आईच्या शिवणांतून आलेली सुई आजारपणाच्या खाटेवर पुन्हां हातीं आली.

पुढें ती मुलांसह पुन्हां युरोपांत गेली. पॅरिसमध्यें इसाबेल व आंखेल तिच्याबरोबर गात. संसार आणि कला ह्यांची फारकत करण्याऐवजीं तिनें संसारच गाण्यांत आणला. १९६४ च्या एप्रिल-मे महिन्यांत पॅरिसच्या लूव्र राजवाड्यांत, सजावटी कलांच्या संग्रहालयांत, तिच्या अर्पियेरा, तिचीं तैलचित्रें आणि तारेच्या आकृति ह्यांचें प्रदर्शन भरलें. शिवणकाम करणाऱ्या विधवेच्या मुलीचें गोणपाट राजवाड्याच्या भिंतीवर लागलें. पुढल्या वर्षीं स्वित्झर्लंडच्या दूरचित्रवाणीनें तिची मुलाखत घेतली. काव्य, संगीत, भरतकाम, चित्र, ह्यांतील एकच ठेवावयाचें झालें तर कोणतें ठेवाल, असा प्रश्न आला. तिनें उत्तर दिलें कीं, मी माणसांजवळ राहणें पसंत करीन. हें सर्व करावयास मला लावतात तीं माणसेंच.

मायदेशीं परत आल्यावर, १९६५ सालीं, तिनें सांतियागोच्या ला रेइना भागांत एक मोठा तंबू उभारला. लोकगीतें, लोककला, शिकणें-शिकविणें, सर्व एका छपराखालीं नांदावें, ही इच्छा. ती तेथेंच राही, तेथेंच गाई, आलेल्यांना खाऊंपिऊं घाली. परंतु जागा शहरापासून दूर, लोक येईनात. माणसांजवळ राहूं पाहणाऱ्या बाईपुढें रिकामीं बांकें उरलीं. जीवनाचे आभार मानणारें तिचें ‘ग्रासियास आ ला विदा’ हें जगविख्यात गीत ह्याच काळांतलें. आणि ५ फेब्रुवारी १९६७ रोजीं, वयाच्या एकुणपन्नासाव्या वर्षीं, त्याच तंबूंत तिनें आपल्या हातानें आपलें आयुष्य संपविलें. ह्या कृत्याचें समर्थन मी करीत नाहीं, आणि तिचा न्यायही करीत नाहीं. तो करणारा दयाळू आहे. एवढेंच म्हणतों कीं, त्या वेळीं तिच्या खांद्यावर ओझें फार होतें आणि खांदा देणारे थोडे होते.

आतां कथेचा दुसरा भाग, जो आपल्या धर्मग्रामाच्या फार जवळचा आहे. ११ सप्टेंबर १९७३ रोजीं चिलींत लष्करानें सत्ता बळकाविली. हजारों माणसें पकडलीं गेलीं. कित्येकांचा पुढें पत्ताच लागला नाहीं. त्यांच्या बायका आणि आया तुरुंगांच्या व कचेऱ्यांच्या दारोदार फिरत; घरीं चूल थंड. प्रथम धर्ममंडळांच्या एका संयुक्त समितीनें, आणि तिला बंद करावें लागल्यावर १९७६ पासून कार्डिनल राउल सिल्व्हा एन्रीकेस ह्यांनीं स्थापिलेल्या ‘व्हिकारिया दे ला सोलिदारिदाद’ ह्या संस्थेनें, ह्या स्त्रियांना एकत्र बसण्यास जागा दिली. सभागृहांत, देवळांच्या खोल्यांत त्या जमत. गोणपाट घेत, घरच्या चिंध्या आणीत, आणि जें तोंडानें बोलण्याची चोरी होती तें टांक्यांनीं सांगत: रिकामी खुर्ची ठेवलेलें जेवणाचें मेज, गल्लींतील सामाईक चूल, बेपत्ता मुलाच्या नांवाचा फलक. कोणी हरवलेल्या माणसाच्याच कपड्याचा तुकडा लावी. व्हियोलेतेच्या अर्पियेरांची वाट त्यांच्यापुढें होतीच. संस्था तीं चित्रें विकत घेई व परदेशीं धाडी. त्या पैशांनीं मुलें जेवलीं, आणि त्या गोणपाटांनीं जगाला खरें काय तें कळलें.

ह्या बायकांपैकीं बहुतेकींनीं पूर्वीं कधीं स्वतःला कलावंत म्हटलें नसेल. संसार त्यांच्याही मागें होता, आणि दुःख व्हियोलेतेहून कमी नव्हतें. पण त्यांना तीन गोष्टी मिळाल्या, ज्या तंबूंतल्या त्या एकाकी बाईला मिळाल्या नाहींत: बसण्यास जागा, शेजारीं दुसरी बाई, आणि हातचें काम संपल्यावर तें घेणारा कोणीतरी. समतोल, समतोल म्हणून आपण जो उपदेश स्त्रियांना करतों, त्यांतील चूक मला येथें उमगली. तराजूला दोन पारडीं असतात हें आपण सांगतों. तो तराजू धरून उभें राहणाऱ्या हातालाही कळ लागते, हें सांगत नाहीं. तो हात आळीपाळीनें बदलला पाहिजे.

शेवटीं एक कबुली. हें व्याख्यान मी तीन संध्याकाळीं लिहिलें. त्या तीन संध्याकाळीं मला कोणीं हाक मारली नाहीं. दारावर कोण आलें तें मला कळलें नाहीं. चहा आपोआप आला. महोत्सवासाठीं वेदीवर जें नवें वस्त्र घातलें आहे, गव्हाच्या कणसांची नक्षी असलेलें, ज्याची आपण सर्वांनीं वाखाणणी केली, तें माझ्या पत्नीनें भरलें. तिला त्यास चार महिने लागले. तें ती रात्रीं अकरानंतर, भांडीं झाल्यावर, भरीत असे. आणि मी दिवा मालवावा म्हणून कुरकुर करीत असें. लूव्रची गोष्ट वाचून मी गहिंवरलों, तेव्हां हें माझ्या ध्यानांत आलें. ती आतां दुसऱ्या बांकावर बसली आहे आणि मीं हें सांगूं नये अशी खूण करीत आहे.

म्हणून महोत्सवसमितीपुढें माझी एक सूचना आहे. पन्नास वर्षांच्या स्मरणार्थ आपण संगमरवरी फलक लावणार आहों, तो अवश्य लावावा. परंतु त्याबरोबर देवळामागच्या सभागृहाची एक खोली दर शनिवारीं दुपारीं स्त्रियांसाठीं मोकळी ठेवावी. तेथें चांगला दिवा असावा, आणि अर्धवट राहिलेलीं वस्त्रें व वह्या ठेवण्यास एक कुलुपाचें कपाट असावें. कोणी भरावें, कोणी लिहावें, कोणी आजीचीं लग्नगीतें उतरून काढावीं. आणि त्या तीन तासांत मुलें पुरुषांनीं सांभाळावीं. पहिल्या शनिवारीं मी येईन. मला लहान मुलांचा अनुभव थोडा आहे. मागच्या बांकांवरील बंधूंपैकीं दोघांनीं सोबत यावें, अशी विनंति आहे.