वाहनाच्या रंगाची निगा
(शासकीय वाहनचालकांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



प्रसिद्धी खात्यातील, त्यातही कला शाखेच्या पदवीधराने आपणांस गाडी धुण्याविषयी चार शब्द सांगावेत, हे काहीसे विचित्र वाटेल. गाडी आपण रोज धुता, मी तीत केवळ बसतो. तथापि ज्या चुकीविषयी मी बोलणार आहे, ती मी स्वतः करविली आहे.

गोष्ट २०११ सालची. खाणींचे काम २०१२ मध्ये थांबले, त्यापूर्वी सावर्डे-कुडचडे भागातील रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांची रीघ लागलेली असे. सांगे येथील कार्यक्रम आटोपून आमचे गडद निळ्या रंगाचे प्रसिद्धी वाहन कुडचडेमार्गे मडगावला निघाले होते. मडगावच्या वेशीवर पोहोचेतो ते नखशिखांत तांबडे झाले होते. अर्ध्या तासात पाहुणे येणार होते. चालक म्हणाले, ‘‘साहेब, आधी पाणी मारायला हवे.’’ मी म्हणालो, ‘‘वेळ नाही, कोरडेच पुसून घ्या.’’ त्यांनी पुसले आणि गाडी चकाकली. दुसऱ्या दिवशी उन्हात पाहिले, तो बॉनेटपासून मागील दारापर्यंत कोळिष्टकासारखे बारीक ओरखडे उठलेले! चालकाकडे लेखी खुलासा मागण्यात आला. माझ्याच सांगण्यावरून हे घडले, असे मी टिपणीत लिहिले नाही. नोकरीत नवा होतो, हे कारण खरे आहे, परंतु ते पुरेसे नाही. चालकांनीही खुलाशात माझे नाव घेतले नाही. आज ते सेवानिवृत्त आहेत.

आता त्या दिवशी नेमके काय झाले, ते पाहू. आजच्या गाड्यांना रंगाच्या थरावर एक पारदर्शक लेप असतो आणि चकाकी असते ती त्या लेपाची. त्याची जाडी साधारण ४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. हा लेप एक प्रकारचे प्लास्टिकच होय. फ्रीड्रिख मोह्स यांनी १८१२ मध्ये पदार्थांचा कठीणपणा मोजण्यासाठी १ ते १० अशी श्रेणी ठरविली. तीत गारगोटीचा क्रमांक ७ आहे आणि लोहखनिजाचा सुमारे ६. खिडकीच्या काचेवरही गारगोटीचा ओरखडा उठतो, मग या लेपाची काय कथा! आपल्या तांबड्या मातीत हे दोन्ही प्रकारचे कण असतात. कोरडे फडके फिरविले की ते कण फडक्याखाली सापडतात आणि त्या फडक्याचा पॉलिशपेपर होतो. रस्त्यावरील धूळ नुसती बसून राहिली तर ओरखडा काढीत नाही. तो काढतो आपला हात.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. उन्हात ते ओरखडे सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल दिसतात, म्हणून ‘चालकाने फडके गोलाकार फिरविले’ असा ठपका ठेवला जातो. वस्तुतः ओरखडे सर्व दिशांना असतात. प्रकाशाला आडवे गेलेले तेवढे चमकतात आणि वर्तुळाचा भास होतो. खुलासा मागणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

तेव्हा पहिली गोष्ट पाणी. गाडी सावलीत उभी करावी आणि बॉनेट निवू द्यावे, नाहीतर साबण जागीच वाळून डाग पडतात. आंब्याफणसाखालची सावली मात्र टाळावी, कारण वरून चीक गळतो आणि पक्ष्यांची कृपा होते ती वेगळीच. टपापासून खाली नळीने पाणी सोडावे आणि काही मिनिटे धूळ भिजू द्यावी. या वेळी हात लावावयाचा नाही. सुटण्याजोगी माती पाण्यानेच सुटली पाहिजे. दारावरील खात्याच्या नावाच्या पट्टीवर मात्र जोराचा झोत जवळून मारू नये, तिच्या कडा उचलल्या जातात.

नंतर दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीसाठीच्या शाम्पूचे पाणी आणि दुसरीत निव्वळ पाणी. मायक्रोफायबरचे मऊ फडके शाम्पूत बुडवून एक भाग हलक्या हाताने सरळ रेषेत धुवावा, फडके दुसऱ्या बादलीत खळबळून मगच पुन्हा शाम्पूत घालावे. एकच बादली वापरली, तर काढलेली माती आपण पुन्हा गाडीला लावतो. चाके आणि मडगार्ड यांचे फडके निराळे ठेवावे. फडके जमिनीवर पडले, तर ते त्या दिवसापुरते बाद समजावे. भांडी घासण्याचा साबण स्वस्त पडतो खरा, पण तो तेलकटपणाबरोबर मेणही काढून टाकतो. खाडीलगतच्या विहिरीचे पाणी खारट असल्यास शेवटचे धुणे गोड्या पाण्याने करावे आणि गाडी वाळू न देता फडक्याने टिपून घ्यावी. घासावयाचे नाही, टिपावयाचे. पक्ष्याची विष्ठा दिसली तर ओले फडके तिच्यावर काही वेळ ठेवून मग उचलावे.

मेणाविषयी आपणांत गैरसमज पुष्कळ. पॉलिश आणि मेण ही एक नव्हेत. पॉलिशमध्ये बारीक खर असते, ते लेपाचा अंश खरवडून ओरखडे बुजविल्यासारखे करते. लेप मुळातच पातळ, म्हणून ते वरचेवर करू नये. मेण काही खरवडत नाही, वर एक पातळ आवरण देते. या कामी नावाजलेले कार्नौबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. आपला काजूही त्याच मुलखातला. मधमाशीचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते, कार्नौबा मात्र ८२ अंशांच्या पुढे, म्हणून ते आपल्या उन्हात टिकते. गाडी पूर्ण धुऊन, वाळवून, सावलीतच अगदी पातळ हात द्यावा, डब्यावरील सूचनेइतका वेळ थांबावे आणि स्वच्छ फडक्याने उतरवावे. जाड थराने चकाकी वाढत नाही, कष्ट वाढतात. रबर आणि रंग न दिलेले काळे प्लास्टिक यांवर मेण लागू देऊ नये, पांढरे डाग राहतात. धुळीवर मेण लावणे म्हणजे २०११ सालची माझी चूक पुन्हा करणे होय. एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा नंतर मेण चढवावेच. मधल्या काळात पाण्याचे थेंब गोल उभे राहण्याऐवजी पसरू लागले, की ते उतरले असे समजावे.

आपल्या वरिष्ठांनी घाई केली, तर ‘आधी पाणी’ असे त्यांना नम्रपणे, पण स्पष्ट सांगावे. या वर्गाला अधिकारीही उपस्थित आहेत, त्यांनीही ऐकले असेल.

बाहेर पडवीच्या सावलीत एक गाडी उभी केली आहे आणि बादल्या भरून ठेवल्या आहेत. प्रथम टपावर पाणी सोडावयाचे आहे. फडक्याला तूर्त कोणीही हात लावू नये.