कोणत्या अपेक्षेने? : वैद्यकीय संख्याशास्त्राच्या अभ्यासकांशी हितगुज

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील एक व्याख्यान संस्थेने विद्यार्थ्यांच्या पुढील शिक्षणासाठी राखून ठेवले, याचा मला विशेष आनंद वाटतो. आपल्यापैकी अनेकांना गणिताची गोडी आहे आणि वैद्यकक्षेत्राचीही ओढ आहे. परंतु या दोहोंचा मेळ कोठे बसतो, हे सांगणारे घरात सहसा कोणी नसते. तो मेळ जेथे बसतो त्या शास्त्राचे नाव वैद्यकीय संख्याशास्त्र. या शास्त्राच्या अभ्यासक्रमात एक विषय असा आहे, की तो नीट उमगला तर पुढची वाट मोकळी होते आणि घोकून पार पाडला तर पुढे आयुष्यभर अडतो. ‘जनरलाइज्ड लीनियर मॉडेल’, संक्षेपाने जी.एल.एम., हा तो विषय. आज त्याविषयीच चार शब्द बोलणार आहे.

साधे रेषीय रिग्रेशन आपण पदवीच्या वर्गात शिकता. वय वाढते तसा रक्तदाब सरासरीने किती वाढतो, अशा प्रश्नाला ते उत्तम चालते. परंतु वैद्यकातील कितीतरी प्रश्न निराळ्या जातीचे असतात. रुग्ण बरा झाला की नाही? वर्षभरात दम्याचे झटके किती आले? पहिल्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच. दुसऱ्याचे उत्तर ०, १, २ अशी पूर्ण संख्या. अशा उत्तरांतून सरळ रेषा ओढली, तर ती एखाद्या रुग्णाची बरे होण्याची संभाव्यता १०० टक्क्यांहून अधिक दाखवील, किंवा झटक्यांची संख्या शून्याच्याही खाली नेईल.

या अडचणीवर पूर्वी सुटे सुटे उपाय होते. कीटकनाशकाची मात्रा आणि मरणारे कीटक यांचा संबंध मांडण्यासाठी ब्लिस यांनी १९३४ साली ‘प्रॉबिट’ पद्धत मांडली. १९४४ साली बर्कसन यांनी ‘लॉजिट’ सुचवली. मोजणीच्या आकड्यांसाठी आणखी वेगळी वाट होती. १९७२ साली जॉन नेल्डर आणि रॉबर्ट वेडरबर्न या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की ही सारी मंडळी एकाच कुटुंबातील आहेत आणि एकाच गणनपद्धतीने ती सोडवता येतात. हे दोघेही रोथॅमस्टेड येथील शेती-संशोधन केंद्रात काम करीत होते. वेडरबर्न १९७५ साली अवघ्या २८व्या वर्षी निवर्तले. परंतु त्या शोधनिबंधाचा उपयोग आज जगभरच्या वैद्यकीय संशोधनात होतो.

त्यांच्या मांडणीचे सार तीन प्रश्नांत सांगता येते. पहिला : मोजावयाची गोष्ट कोणत्या जातीची आहे आणि तिचे चढउतार कोणत्या नियमाने होतात? दुसरा : वय, उपचार, सवयी यांपैकी कोणते घटक आपण विचारात घेणार आणि त्यांची बेरीज कशी मांडणार? तिसरा : ती बेरीज आणि अपेक्षित सरासरी यांना जोडणारा दुवा कोणता? या दुव्यालाच ‘लिंक फंक्शन’ म्हणतात. विद्यार्थी पहिल्या दोन प्रश्नांवर पुष्कळ श्रम घेतात आणि तिसरा संगणकावर सोपवून मोकळे होतात. वस्तुतः आपले उत्तर कोणत्या भाषेत येणार, हे तो तिसरा प्रश्नच ठरवतो.

आपल्याच देशातील एक उदाहरण घेऊ. १९५६ साली मद्रास येथे क्षयरोगाच्या उपचाराविषयी एक ऐतिहासिक चाचणी सुरू झाली. त्या काळी क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्ये ठेवणे आवश्यक मानले जाई. पण इतक्या खाटा देशात होत्याच कोठे? म्हणून १९३ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने विभागणी झाली. काहींना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना दाटीवाटीच्या घरीच, तीच औषधे वर्षभर देण्यात आली. वर्षाअखेर, थुंकीच्या तपासणीच्या निकषावर, घरी राहिलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के आणि सॅनेटोरियममधील सुमारे ९२ टक्के रुग्णांचा रोग आटोक्यात आला होता.

आता हेच आकडे लॉजिस्टिक रिग्रेशनच्या भाषेत वाचू. तेथे तुलना टक्क्यांची होत नाही, ‘ऑड्स’ची होते; म्हणजे बरे झालेले आणि न झालेले यांच्या प्रमाणाची. घरच्या गटात ८६ भागिले १४, म्हणजे सुमारे ६.१, सॅनेटोरियमच्या गटात ९२ भागिले ८, म्हणजे ११.५. या दोहोंचे गुणोत्तर सुमारे ०.५३. हे गणित अचूक आहे. परंतु एखाद्याने त्यावरून अहवालात लिहिले, की ‘घरी उपचार घेतल्यास बरे होण्याची शक्यता निम्मी होते’, तर ते वाक्य साफ खोटे ठरेल. फरक शंभरांत सहा रुग्णांचा आहे. चाचणी करणाऱ्यांनी फरक योग्य मापाने पाहिला, घरच्या माणसांना संसर्गाचा अधिक धोका झाला का हेही पुढे पाच वर्षे तपासले, आणि तो तसा आढळला नाही. घरी राहून उपचार घेण्याच्या धोरणाला त्यातून बळ मिळाले. त्या ‘निम्मी’ शब्दावर कोणी विसंबले असते, तर खाट मिळण्याची वाट पाहत किती रुग्ण ताटकळले असते, याचा विचार करावा.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील. डॉल आणि हिल यांनी १९५१ साली ब्रिटिश डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांच्या धूम्रपानाची माहिती घेतली आणि पुढे कोण कशाने मरण पावते याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. त्यातील पुरुष डॉक्टरांच्या हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंचा पहिल्या दहा वर्षांचा तक्ता आज जी.एल.एम.च्या पाठ्यपुस्तकांत हमखास भेटतो. ३५ ते ४४ या वयोगटात धूम्रपान करणाऱ्यांच्या ५२,४०७ व्यक्ती-वर्षांत ३२ मृत्यू झाले. न करणाऱ्यांच्या १८,७९० व्यक्ती-वर्षांत २. म्हणजे दर १०,००० व्यक्ती-वर्षांमागे सुमारे ६ विरुद्ध १. ६५ ते ७४ या वयोगटात हेच दर सुमारे १४७ विरुद्ध १०८ असे होते.

आता धूम्रपान अधिक घातक कोणाला, तरुणाला की वृद्धाला? पॉयसाँ मॉडेल लॉगॅरिथमच्या दुव्याने मांडले, तर उत्तर गुणोत्तरात येते : तरुणांत पावणेसहा पट, वृद्धांत जेमतेम एक तृतीयांशाने अधिक. हाच तक्ता सरळ वजाबाकीच्या दुव्याने वाचला, तर तरुणांत १०,००० मागे ५ मृत्यू अधिक आणि वृद्धांत ३९ अधिक. एका वाचनात वयाबरोबर परिणाम घटतो, दुसऱ्यात तो वाढतो! दोन्ही वाक्ये खरी आहेत. रोगाच्या कारणाचा शोध घेणाऱ्याला पहिले उपयोगी. रुग्णालयात किती खाटा लागतील हे ठरवणाऱ्याला दुसरे. शिवाय तरुणांतील ‘पावणेसहा पट’ हा आकडा एका बाजूच्या अवघ्या दोन मृत्यूंवर उभा आहे, म्हणून त्याची अनिश्चितता मोठी आहे, हेही सांगितले पाहिजे.

येथे एक गोष्ट या सभागृहात आवर्जून सांगावीशी वाटते. भारतीय संख्याशास्त्राचे प्रणेते प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना जैन दर्शनातील स्याद्वादाची चर्चा केली होती. १९५७ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनीही ‘संख्या’ या नियतकालिकात स्याद्वादावर लेख लिहिला. याचा अर्थ आधुनिक संख्याशास्त्र आपल्या प्राचीन ग्रंथांत होते, असा मात्र कोणी काढू नये. तसा दावा त्या ग्रंथांनाही न्याय देत नाही. परंतु एखादे विधान कोणत्या अपेक्षेने केले आहे ते उघड सांगितल्याविना ते पूर्ण होत नाही, ही शिस्त दोन्हीकडे आहे. ‘पावणेसहा पट’ हे गुणोत्तराच्या अपेक्षेने खरे आणि ‘केवळ पाच’ हे वजाबाकीच्या अपेक्षेने खरे. अपेक्षा लपवून केलेले विधान ऐकणाऱ्याची दिशाभूल करते.

मग अभ्यास कसा करावा? कलन, रेषीय बीजगणित आणि संभाव्यता यांचा पाया पक्का करावा. ‘मॅक्झिमम लाइकलिहुड’ची कल्पना एका साध्या उदाहरणावर कागदावर स्वतः सोडवून पाहावी. त्यानंतरच संगणकाकडे वळावे. ‘आर’ ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिच्यात एका ओळीत जी.एल.एम. चालवता येते. पण ती ओळ लिहिण्याआधी दोन-दोन रकान्यांचा तक्ता हाताने मांडावा आणि उत्तर साधारण किती येईल याचा अंदाज करावा. पॉयसाँ मॉडेलमध्ये सरासरी आणि प्रचरण समान असतात, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात चढउतार पुष्कळदा त्याहून अधिक असतात. ते तपासल्याविना निष्कर्ष लिहू नये, अन्यथा नसलेली खात्री आपण दाखवून बसतो. आणि शेवटी, प्रत्येक सहगुणकाचा अर्थ एका साध्या मराठी वाक्यात लिहून तो घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा. त्यांना समजला नाही, तर बहुधा आपल्यालाच तो पुरता समजलेला नसतो.

या शिक्षणासाठी पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग, मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, कोलकात्याची भारतीय संख्याशास्त्रीय संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अशी ठिकाणे आहेत. पुढे औषधांच्या चाचण्या, कर्करोग नोंदणी, रुग्णालयांतील संशोधन, सार्वजनिक आरोग्य अशी अनेक क्षेत्रे खुली होतात. पालकांना एवढेच सांगेन, की या व्यवसायात नाव क्वचित झळकते; शोधनिबंधावर आपले नाव चौथे किंवा पाचवे असते. परंतु औषध बाजारात यावे की नाही, उपचार बदलावा की नाही, याचा निर्णय पुष्कळदा आपण लिहिलेल्या एका वाक्यावर होतो.

त्या वाक्याच्या पलीकडे असलेला रुग्ण आपल्याला कधी भेटणार नाही. तक्त्यातील एका ओळीत त्याचे वय, त्याला दिलेला उपचार आणि शेवटी ० किंवा १ एवढेच दिसेल. तो आपल्याला प्रश्न विचारू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने आपणच स्वतःला विचारावयाचे, की हे मी जे लिहितो आहे ते कोणत्या अपेक्षेने खरे आहे, आणि वाचणाऱ्याला ती अपेक्षा कळली का? ही सवय विद्यार्थीदशेत लागली, तर बाकीचे सारे पुस्तकांतून शिकता येते.