हुतात्म्यांचा गौरव आणि वीरपत्नीचा हक्क
(जयसिंगपूर येथील भाषणाचा गोषवारा)



१६ डिसेंबर आणि २६ जुलै या दिवशी गावोगाव हुतात्मा जवानांचे स्मरण केले जाते. आपल्या शिरोळ तालुक्याला तर या स्मरणाचा विशेष अधिकार आहे. सैनिक टाकळी याच तालुक्यातील; घराघरांतून सैन्यात जाण्याच्या परंपरेनेच त्या गावाला हे नाव मिळाले. १९९९ च्या कारगिल युद्धात ५२७ भारतीय जवान कामी आले. त्यांच्या नावाने पुष्पचक्र वाहिले जाते, भाषणे होतात, आणि अखेरीस वीरपत्नीच्या हाती साडी व श्रीफळ देऊन समारंभ आटोपतो.

या समारंभाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे. व्यासपीठावर जिला सन्मानाने बसविले, तिलाच दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे येते काय? पतीच्या देहावर तिरंगा पांघरला जात असता घरात तिच्या बांगड्या फुटत असतील, तर तो गौरव अर्धाच नव्हे काय?

समाजालाच दोष देऊन भागणार नाही. शौर्यपदक मिळविलेल्या जवानाच्या विधवेने पुनर्विवाह केल्यास पदकाबरोबरचा भत्ता बंद होई. दिराशी लग्न केले तरच तो चालू राही. ही अट संरक्षण मंत्रालयाने काढली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. अटीमागचा हिशेब उघड आहे. भत्ता घरातला, म्हणून बाईही घरातच राहिली पाहिजे! तिच्या उपजीविकेची किल्ली अशा रीतीने सासरच्या हाती दिली गेली. आर्थिक परावलंबन आणि रूढी या जुळ्या बहिणी आहेत, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

याच तालुक्यातील हेरवाडने मे २०२२ मध्ये वेगळा मार्ग दाखविला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव तेथे झाला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. ते वर्ष राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे होते. ज्या राजाने आपल्या जनकपित्याच्या नावे जयसिंगपूर वसविले, त्यानेच १९१७ साली करवीर संस्थानात विधवाविवाहाला कायद्याचे पाठबळ दिले होते.

मात्र ठराव कागदावर राहतात, हा आपला जुना अनुभव आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. स्मृतिदिनी पहिले पुष्पचक्र पुढाऱ्याने नव्हे, तर वीरमातेने वा वीरपत्नीने वाहावे. तेथे जमलेल्या भगिनींनी तिला हळदीकुंकू लावावे. मात्र तिची इच्छा असेल तरच. आणि तिचे निवृत्तिवेतन तिच्याच खात्यात जमा होते काय, शेतजमिनीच्या उताऱ्यावर तिचे नाव लागले काय, याची चौकशी समारंभापूर्वी करून अडलेले काम तडीस न्यावे.

मृतांना आता आपल्याकडून काही नको आहे. ज्यांना हवे आहे, त्या समोरच्या रांगेत बसलेल्या असतात.