मिरचीच्या मुलखात लेकरं घेऊन

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संपादित करून)



मला विषय दिला आहे 'परमुलखात लहान मुलांसह संसार'. हा विषय ऐकला की पासपोर्ट, विमान आणि परदेशातलं बर्फ डोळ्यांपुढे येतं. तसा अनुभव मलाही आहे आणि त्याबद्दल मी थोडं बोलणार आहे. पण आपल्या या दोन जिल्ह्यांतल्या बायका दरवर्षी लेकरं काखेला मारून ज्या परमुलखात जातात, तो प्राणहितेच्या पलीकडे आहे. तिथे जायला पासपोर्ट लागत नाही. तिथली भाषा मात्र वेगळी, लिपी वेगळी आणि सरकारही वेगळं. मी बोलते आहे ते तेलंगणातल्या मिरची तोडणीबद्दल.

तुमच्यापैकी निम्म्याजणी अशाच गावांतून आल्या आहात, तेव्हा हंगामाचं चक्र मी नव्याने सांगायला नको. तरी आपलं मासिक इतर जिल्ह्यांतही जातं, म्हणून थोडक्यात सांगते. सिंदेवाही, मूल, सावली, गोंडपिपरीपासून खाली अहेरी-सिरोंचापर्यंत आपल्याकडे पावसाच्या पाण्यावर धानाचं एकच पीक येतं. धान निघालं की हाताला काम राहत नाही. त्याच सुमाराला खम्मम, वरंगल, मुलुगू, भूपालपल्ली या भागांत मिरची लाल होऊ लागते. जानेवारीपासून माणसं निघतात आणि मोहफुलं, तेंदूपत्ता यांच्या वेळेपर्यंत परततात. म्हणजे वर्षातले दोन-तीन महिने संसार नदीपलीकडे.

आता यातली एक गोष्ट आपण नीट ध्यानात घेऊ. स्थलांतर म्हटलं की पुरुष कामाला जातो आणि बाई त्याच्या मागून जाते, असं आपण धरून चालतो. मिरचीत तसं नाही. मिरची तोडणं हे बाईच्या हाताचं काम मानलं जातं. मुकादम गावात येतो तो बायकांना घेऊन जायला. बाईला मागणी आहे, म्हणून बाई जाते. आणि बाई जाते म्हणून अंगावर पिणारं मूलही जातं. ते मूल सांभाळायला आठ-दहा वर्षांची मोठी मुलगी शाळेतून काढून सोबत न्यावी लागते. एका बाईला कामावर नेताना मुकादम खरं तर तीन जीव घेऊन जातो. हिशेबाच्या वहीत नाव मात्र एकाचंच असतं. पुष्कळदा तेही तिचं नसतं, नवऱ्याचं असतं.

तिथला दिवस कसा असतो? शेताच्या कडेला ताडपत्रीची खोपटी. पहाटे चारला उठून तीन दगडांच्या चुलीवर स्वयंपाक. पाणी शेताच्या बोअरवर, नाहीतर लांबून डोक्यावर आणायचं. 'नीळ्ळू' म्हणजे पाणी आणि 'येंता' म्हणजे किती, तेलुगूतले हे दोन शब्द बायका सगळ्यात आधी शिकतात. उजाडताच तोडणी सुरू होते. बाळ झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत. औषध फवारलेल्या झाडांतून आईचे हात दिवसभर फिरतात. तिखटाने बोटांची आग होते, रात्री झोप लागत नाही. आता विचार करा, त्याच हातांनी तिला बाळाला पाजायचं असतं. साबणाने कितीही धुतलं तरी तिखट जात नाही. बाळाच्या डोळ्याला, ओठाला हात लागला की ते टाहो फोडतं. म्हणून कितीतरी आया दुपारचं पाजणंच टाळतात. मोठी मुलगी बाळाला पाणी नाहीतर बिस्कीट देते. हे कुठल्याही अहवालात 'कामाच्या ठिकाणचा धोका' म्हणून लिहिलेलं मी वाचलेलं नाही. बायका मात्र पहिल्याच बैठकीत हेच सांगतात.

प्रवासाचंही तसंच. सामान, माणसं, कोंबड्या आणि लेकरं एकाच मालवाहू गाडीत. गाडी रात्रीची निघते, म्हणजे वाटेत कोणी अडवायला नको. गाडी उलटली तर आत कोण कोण होतं याची यादी कोणाकडेच नसते.

आता माझ्या परदेशाबद्दल. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं जर्मनीत होतो. मुलगा चार वर्षांचा होता, मुलगी एक वर्षाची. तिकडचं कौतुक करायला मी उभी नाही. माझा तिथे राहण्याचा परवाना नवऱ्याच्या परवान्याला बांधलेला होता. भाषा येत नसल्यामुळे माझी एम.एस.डब्ल्यू.ची पदवी पेटीत पडून राहिली. दिवसभर दोन मुलं आणि चार भिंती. बाईची ओळख नवऱ्याच्या कागदावरून ठरते, हे तिकडेही होतंच.

पण मुलांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी होती. आम्ही घर घेतलं तशी पालिकेच्या कचेरीत पत्त्याची नोंद करावी लागली. तो तिथला नियमच आहे. त्या नोंदीनंतर माझी मुलगी त्या शहराच्या हिशेबात आली. मुलांच्या डॉक्टरांकडे तिच्या नावाची पिवळी पुस्तिका झाली. कितव्या महिन्यात कोणती तपासणी, हे त्यात छापलेलं होतं. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघरात जागा मिळणं हा तिथे ऑगस्ट 2013 पासून कायदेशीर हक्क आहे. जागा मिळायला आम्हाला थांबावं लागलं, ही गोष्ट निराळी. पण रांगेत उभी होते ती हक्क मागणारी म्हणून. तिथल्या रेल्वेत सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांत लहान मुलांच्या कुटुंबांसाठी वेगळा कप्पा असतो. आम्ही त्या देशाचे नागरिक नव्हतो. मूल रात्री त्या गावात झोपतं, एवढंच कारण त्या व्यवस्थेला पुरेसं होतं.

आणि आपल्याकडे? मूल याच देशाचं नागरिक. नदीच्या या काठावर त्याचं नाव अंगणवाडीच्या रजिस्टरात आहे. त्या काठावर ते कुठेच नाही.

हे योजना नाहीत म्हणून घडत नाही. योजना दोन्हीकडे आहेत. महाराष्ट्रात 2015 पासून आदिवासी भागात अमृत आहार योजना आहे. त्यात गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत दिवसातून एक वेळचं पूर्ण जेवण मिळायला हवं. तेलंगणातही 2015 पासूनच आरोग्यलक्ष्मी योजनेत गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत जेवण, दूध आणि अंडं देतात. म्हणजे नदीच्या दोन्ही काठांवर तिच्यासाठी ताट मांडलेलं आहे. पण ती या काठावरून उठते आणि त्या काठावर तिला कोणी बसवत नाही. सहाव्या महिन्यात मिरचीला गेलेली बाई आठव्या-नवव्या महिन्यात परतते, तेव्हा ज्या दिवसांत तिला जेवणाची खरी गरज होती ते दिवस निघून गेलेले असतात.

दुसरं उदाहरण आपल्याच मातीतलं. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत गडचिरोलीत उभी राहिली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यदूत बायकांकडून ते करून दाखवलं, आणि 1999 मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. 2011 पासून देशभरातल्या आशा हे काम करतात. आशाताई बाळाच्या घरी येते, वजन करते, ताप बघते. पण घराला कुलूप असलं तर? गडचिरोलीचं बाळ महिन्याचं होऊन खोपटीत गेलं, की गडचिरोलीतच जन्मलेली ही पद्धत त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मिरचीचा हंगाम ऐन भरात होता. आपली माणसं तेलंगणात अडकली. पुष्कळजणी लेकरं घेऊन जंगलातून, नदीतून पायी परतल्या. शेजारच्या बिजापूर जिल्ह्यातली, छत्तीसगडची, बारा वर्षांची एक मुलगी मिरचीच्या शेतातून तीन दिवस चालत निघाली होती. एप्रिल 2020 मध्ये घर थोड्याच अंतरावर असताना ती वाटेत वारली. तेव्हा वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त झाली. बारा वर्षांची मुलगी मिरचीच्या शेतात कामाला का होती, हा प्रश्न मात्र टाळेबंदीच्या आधीही होता आणि नंतरही राहिला.

मग कायदा काय म्हणतो? ठेकेदारामार्फत दुसऱ्या राज्यात नेल्या जाणाऱ्या मजुरांसाठी 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. ठेकेदाराला परवाना, मजुराला पासबुक, जाण्यायेण्याचा खर्च, राहण्याची सोय, औषधपाणी, सगळं त्यात लिहिलेलं होतं. आमच्या गावांत पासबुक पाहिलेली एकही बाई मला भेटलेली नाही. हा कायदा आता 2020 च्या कामगार संहितेत विलीन झाला आहे आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. आधीच्या कायद्यात पाच मजूर असले तरी तो लागू होई, नव्या संहितेत स्थलांतरितांबाबतच्या तरतुदींना दहाची अट आहे. आपल्याकडे चार-सहा कुटुंबांचे छोटे गट करून नेतात. हा बदल कोणाच्या सोयीचा आहे, ते तुम्हीच ठरवा.

पाळणाघराची कल्पनाही आपल्याला परदेशातून आणायला नको. 2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असली तर ती सांभाळायला एका बाईला नेमावं आणि तिला मजुरी द्यावी. मूल सांभाळणं हे काम आहे आणि त्याला मजुरी आहे, हे आपल्या संसदेने मान्य केलं होतं. डिसेंबर 2025 मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर झाला. दिवस 100 चे 125 केले आहेत. आपल्यासाठी प्रश्न दोन आहेत: धान निघाल्यानंतरच्या दिवसांत गावातच काम मिळणार का, आणि त्या कामावर लेकरू सांभाळणारी बाई असणार का?

कोणी म्हणेल, जाणंच बंद करा. मला ते पटत नाही. बायका मिरचीला जातात तेव्हा हातात पैसा येतो, वर्षाची मिरची घरी येते. सासरच्या अंगणाबाहेरचं जग दिसतं, हेही त्या सांगतात. प्रश्न आहे तो जायचं की नाही हे ठरवण्याची ताकद तिच्याकडे असण्याचा. ती ताकद कुठून येते, याची उदाहरणं इथेच आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेकडे आला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये हक्क मिळाला. बांबूचं काम गावातच मिळू लागल्यावर बाहेर जाणं कमी झालं. जिथे जंगल ग्रामसभेच्या हातात आहे, तिथे मुकादमाला 'यंदा नाही' म्हणता येतं. म्हणून वनहक्काच्या बैठकीत बायकांनी बसणं आणि मिरचीच्या खोपटीतलं लेकरू, हे दोन वेगळे विषय नाहीत.

येत्या हंगामापर्यंत आपण काय करू शकतो, ते सांगून थांबते.

पहिलं, नोंद. डिसेंबरात प्रत्येक गावातल्या महिला मंडळाने एक वही घालावी. कोण गेलं, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या मंडलात, सोबत मुलं किती आणि कितव्या वर्षाची, गरोदर कोण. शासनाने 2021 पासून स्थलांतराच्या नोंदीचं ॲप काही जिल्ह्यांत आणलं, त्यात चंद्रपूरही होतं. ॲप असू द्या. पण आपली वही असली तरच त्यातली नोंद खरी की खोटी ते कळेल.

दुसरं, कागद. जाणाऱ्या प्रत्येक बाईजवळ माता-बाल संरक्षण कार्ड आणि रेशन कार्डाची प्रत हवी. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत घरी राहिलेल्या सासूने इथे आपला वाटा उचलायचा आणि गेलेल्यांनी तिकडे उचलायचा, हे चालतं. दुकानदार नाही म्हणाला तर भांडायची तयारी ठेवा.

तिसरं, शाळा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बदलीचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण तिसरीतली मुलगी तेलुगू शाळेत बसून काय करणार? तिच्यासाठी गावातच हंगामी वसतिगृह हवं. ऊसतोडणीच्या भागात ही मागणी जुनी आहे. मिरचीच्या भागातून ती ठरावाने गेली पाहिजे. आणि मोठी मुलगी शाळेत राहावी असं वाटत असेल, तर धाकट्यासाठी शेतावर पाळणाघर मागावंच लागेल. एकीशिवाय दुसरी मागणी पुरी होत नाही.

चौथं, मजुरी. बाईची मजुरी बाईच्या हातात किंवा तिच्या खात्यात, हे गाडी निघण्याआधी मुकादमाकडून गावासमोर वदवून घ्या. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, नदीपलीकडे नाही. हिशेबाच्या दिवशी पैसा कोणाच्या हातात पडतो, त्यावर घरी काय पोचतं ते ठरतं.

आणि पाचवं, पलीकडच्या मैत्रिणी. तेलंगणातल्या स्त्री संघटनांशी आपली ओळख हवी. शेतात कोणी अंगचटीला आलं, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. पण ती समिती तिकडच्या जिल्ह्याची. तिथे मराठी बाईचं म्हणणं तेलुगूत कोण मांडणार? सिरोंच्याच्या आपल्या मैत्रिणींना दोन्ही भाषा येतात. हे काम त्यांनी पुढाकार घेऊन उचलावं, अशी माझी विनंती आहे.

दुपारच्या गटचर्चेत तालुकावार बसू. प्रत्येक गटाने आपल्या भागातल्या निदान दहा गावांची नावं आणि वही कोण लिहिणार तिचं नाव, एवढं ठरवूनच उठायचं.